प्रस्तावना: गाळ किती, आणि किती वर्षांत?

महापूर ओसरला की नदीकाठच्या गावांत पंचनामे सुरू होतात. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक शिवारात फिरतात. पीक किती गेले ते पाहतात, जमीन कुठे खरवडून गेली ते लिहून घेतात, आणि ज्या रानावर गाळ बसला असेल तिथे थराची जाडी बघतात. सरकारी मदतीचा निकष असा, की शेतावर साचलेला वाळूचा किंवा गाळाचा थर तीन इंचांहून जाड असला तरच तो काढायला पैसे मिळतात. एका पुराने चार-आठ दिवसांत आणून टाकलेले हे तीन इंच.

आता दुसरा आकडा पाहा. १८५० च्या दशकात लिओनार्ड हॉर्नर या स्कॉटिश भूवैज्ञानिकाने इजिप्तमध्ये मेम्फिस इथे, नाईलच्या मैदानात, खोदकाम करवून घेतले आणि उत्तर काढले: शंभर वर्षांत साडेतीन इंच.

पूरमैदानावर गाळ किती वेगाने साचतो, या प्रश्नाची ही दोन उत्तरे. दोन्ही इंचांत आहेत, दोन्ही जमिनीवर पट्टी लावून काढलेली आहेत. तरी त्यांची तुलना होत नाही, कारण एकामागे आठवडाभराचा काळ आहे आणि दुसऱ्यामागे बत्तीस शतकांचा. त्या दोन काळांच्या मधल्या प्रदेशात हे पुस्तक फिरते. त्यात पद्धती पुष्कळ आहेत, गणितही आहे, पण माझे म्हणणे थोडक्यात सांगता येईल. गाळाचा दर सांगताना तो किती काळावर आणि मैदानातल्या कुठल्या जागी मोजला हे सोबत सांगायलाच हवे. एरवी मिलिमीटरचा आकडा कितीही बारीक काढला, तरी त्यावर बांधाची उंची, पुलाचा पाया किंवा गावाची पूररेषा ठरवणे धोक्याचे आहे.

कृष्णा, वारणा, पंचगंगा यांच्या काठच्या माणसाला गाळाचे नवल नाही. नरसोबाच्या वाडीला पुराचे पाणी दत्तमंदिरात शिरते, दक्षिणद्वार सोहळा होतो, आणि पाणी उतरल्यावर मंदिर धुऊन गाळ काढावा लागतो. काठाच्या मळीच्या रानातली वांगी बाजारात नावाजली जातात, ती त्याच गाळाच्या जोरावर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ, जिथे ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात, पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. त्या दिवसांत पाण्याची पातळी फूट-इंचांत पुन्हा पुन्हा जाहीर होत होती आणि सगळा जिल्हा तिच्याकडे डोळे लावून बसला होता. गाळाच्या वाट्याला असे लक्ष येत नाही. पंचनाम्यात त्याच्याविषयी प्रश्न असतो तो तीन इंचांच्या वर की खाली एवढाच. पावणेतीन इंच आणि अर्धा इंच हे दोन्ही तिथे सारखेच, आणि सव्वातीन इंच व दोन फूट हेही सारखेच.

जाडीचा अर्थ लक्षात यावा म्हणून एक साधा हिशेब करू. एकरभर रानावर एक सेंटिमीटर गाळ बसला तर तो सुमारे ४० घनमीटर, म्हणजे १४ ब्रास होतो. तीन इंच बसला तर शंभर ब्रासच्या वर जातो. काठाने पाच-सहाशे एकरांवर पाणी पसरले असेल, तर बोटभर जाडीतला फरकही हजारो ब्रासचा फरक असतो. नदीच्या पाण्यातून वाहत आलेल्या मातीपैकी किती मैदानावर राहिली आणि किती पुढे गेली, हा ताळा याच बोटभर फरकावर जमतो किंवा बिघडतो.

गाळ सगळीकडे सारखा बसत नाही. त्याचे कारण कणांच्या आकारात आहे. दशांश मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण संथ पाण्यात मीटरभर खाली यायला दोनेक मिनिटे घेतो. चिकणमातीच्या दोन मायक्रॉनच्या कणाला त्याच मीटरसाठी तीन दिवस लागतात. पाणी पात्र सोडून काठावर आले की त्याचा वेग एकदम मंदावतो, आणि जड वाळू तिथेच, काठाशी, खाली बसते. वर्षानुवर्षे असे होऊन काठ उंचावतो. शालेय भूगोलात आपण याला पूरतट म्हणून शिकलो. बारीक माती मात्र पाण्याबरोबर आत, सखल भागात जाते आणि पाणी तुंबून राहिले तरच बसते. म्हणून काठापासून वीस मीटरवर खड्डा घेतला तर एक दर मिळतो आणि पाचशे मीटरवर घेतला तर अगदी वेगळा. ओढ्याचे तोंड, जुन्या वळणाचा सोडून दिलेला तुकडा, रस्त्याचा भराव, उसाचा दाट फड, प्रत्येक ठिकाणी पाणी वेगळे वागते. रस्त्याच्या भरावाने पाणी अडले तर त्याच्या एका बाजूला वीतभर गाळ आणि दुसऱ्या बाजूला नुसती ओल, असे सहज घडते.

आपल्या प्रदेशाची आणखी एक अडचण आहे. दख्खनच्या बहुतेक नद्या कातळात आणि जुन्या गाळात खोल कोरल्या गेल्या आहेत. उंच काठांच्या आत मोठमोठे पूर सामावतात आणि रुंद पूरमैदान थोड्याच टापूंत दिसते. पुणे विद्यापीठात भूगोल शिकवणारे विश्वास काळे यांनी या नद्यांच्या पुरांचा अभ्यास आयुष्यभर केला. नर्मदेच्या आणि तापीच्या घळींत, पुराचे पाणी जिथे कोपऱ्यात शिरून संथ होते तिथे साचलेल्या थरांवरून, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजमापाच्या नोंदी सुरू होण्याआधीचे पूर वाचले. सपाट मैदानांवर बेतलेली परदेशी सूत्रे घोड, कुकडी किंवा प्रवरेच्या काठी जशीच्या तशी लावली तर चुकीची उत्तरे येतात. पुढच्या प्रकरणांत परदेशी उदाहरणे बरीच येतील. ती वाचताना हे ध्यानात ठेवावे.

आता नाईलकडे वळू, कारण या विषयाचा इतिहास तिथेच सुरू होतो आणि त्यातली सगळी अवघड वळणे तिथेच पहिल्यांदा दिसतात.

पूरमैदान किती वेगाने उंचावते याचा मला ठाऊक असलेला सर्वांत जुना अंदाज हेरोडोटसचा आहे, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला. इजिप्तच्या पुरोहितांनी त्याला सांगितले की मोइरिस राजाच्या वेळी नदी आठ हात चढली की मेम्फिसच्या खालचा सगळा प्रदेश भिजत असे. हेरोडोटसच्या काळी मात्र तेवढ्यासाठी पंधरा-सोळा हात पाणी चढावे लागे. मोइरिसला जाऊन तेव्हा नऊशे वर्षेही झाली नव्हती. यातून त्याने निष्कर्ष काढला की जमीन वर येत चालली आहे. हात दीड फुटाचा धरला तर नऊ शतकांत साडेदहा फूट, म्हणजे शतकाला चौदा इंच. हॉर्नरच्या दराच्या चौपट! पण या विचाराचे मोल आकड्याहून मोठे आहे. जमिनीची वाढ मोजायला एक खूण आणि एक काळ लागतो, हे त्याने ओळखले. त्याची खूण पाण्याची पातळी होती आणि काळ पुरोहितांच्या आठवणीतला. दोन्ही कच्चे होते. शिवाय मैदानाबरोबर नदीचे पात्रही वर येत असते, ही गोष्ट त्या हिशेबात नव्हती.

हॉर्नरने खूण पक्की निवडली. मेम्फिसला दुसऱ्या रामसेसचा प्रचंड पुतळा आडवा पडलेला होता. तो उभारला त्या वेळची जमीन चौथऱ्यावरून कळत होती, आणि पुतळ्याचा काळ हॉर्नरने इसवी सनापूर्वी १३६१ असा धरला. लंडनच्या रॉयल सोसायटीने पाठबळ दिले. प्रत्यक्ष खोदकाम इजिप्तच्या सेवेतल्या हेकेक्यान बे या आर्मेनियन अभियंत्याने केले. चौथऱ्याच्या पायथ्यापासून वर ९ फूट ४ इंच गाळ निघाला. भागाकार केला आणि साडेतीन इंचांचे उत्तर आले. मग त्याच दराने तो आणखी खाली गेला. ३९ फूट खोलीवर मडक्याचा एक तुकडा सापडला होता. त्याचे वय १३ हजार वर्षांहून जास्त निघाले आणि युरोपात खळबळ उडाली, कारण माणूस इतका जुना आहे हे मानायला तेव्हा फार थोडे लोक तयार होते.

टीका झाली आणि ती रास्त होती. इजिप्शियन लोक मंदिरांच्या आवाराभोवती बांध घालून पुराचे पाणी बाहेर ठेवत. म्हणजे मंदिर नांदते होते तोवर आत गाळ जवळजवळ बसलाच नसणार, आणि शहर ओस पडून बांध फुटल्यावर तो सखल खड्डा भराभर भरला असणार. हॉर्नरची सरासरी या दोन अगदी वेगळ्या काळांना एकाच फूटपट्टीने मोजत होती. ३९ फुटांवरचा तुकडा विहिरीत पडलेला असू शकत होता, किंवा नदीच्या जुन्या पात्रात, जिथे भर मैदानाच्या कितीतरी पट वेगाने पडते. वरच्या नऊ फुटांतून काढलेला दर खालच्या तीस फुटांना लावायला काहीच आधार नव्हता.

तरी मी हॉर्नरला या विषयाचा पहिला खरा अभ्यासक मानतो. त्याने प्रत्येक खड्ड्यातला प्रत्येक थर जाडीसकट छापला आणि दर कसा काढला ते उघड मांडले. टीकाकारांना त्याची चूक दाखवता आली ती त्याच्याच आकड्यांवरून. आज अनेक अहवालांत नुसता दर असतो, त्यामागचे खड्डे आणि थर नसतात. ते तपासायचे कसे?

विसाव्या शतकात या विषयाला अमेरिकेतून वेगळी दिशा मिळाली. कॅलिफोर्नियात सोन्यासाठी डोंगर पाण्याच्या फवाऱ्यांनी फोडले जात. ती माती युबा आणि तिच्या शेजारच्या नद्यांतून खाली आली, शेते गाडली गेली, मेरिसव्हिलसारख्या गावांना बांध वाढवत न्यावे लागले, आणि १८८४ मध्ये न्यायालयाने हा उद्योग थांबवला. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्टने १९१७ च्या अहवालात त्या गाळाचा मागोवा घेतला. गाळ लाटेसारखा खाली सरकून निघून जाईल असे त्याला वाटले. पात्रापुरते ते बरेचसे खरे ठरले, पण पूरमैदानावर चढलेला गाळ मात्र अजून तिथेच आहे.

विस्कॉन्सिनमधल्या कून क्रीकची कथा मला याहून मोलाची वाटते. सुमारे ३६० चौरस किलोमीटरचे हे छोटे खोरे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथे शेती वाढली, उतारांवरची माती सुटली आणि दरी भरू लागली. १९३३ मध्ये मृदसंधारणाचा अमेरिकेतला पहिला मोठा प्रयोग याच खोऱ्यात सुरू झाला. १९३८ च्या सुमारास स्टॅफर्ड हॅप आणि सहकाऱ्यांनी दरीचे आडवे छेद मोजून ठेवले. स्टॅन्ली ट्रिम्बल यांनी १९७० च्या दशकात आणि नंतर १९९३ मध्ये तेच छेद पुन्हा मोजले. उत्तर स्पष्ट होते: १९७५ ते १९९३ या काळात गाळ साचण्याचा वेग १९३० च्या दशकातल्या वेगाच्या सुमारे ६ टक्क्यांवर आला होता. यातला चकित करणारा भाग पुढे आहे. या सगळ्या काळात खोऱ्याच्या तोंडातून बाहेर पडणारा गाळ जवळजवळ तेवढाच राहिला. वर इतकी उलथापालथ चालू असताना खालच्या मोजणी केंद्रावर काहीच दिसले नसते. कारण दरी आधी गाळ गिळत होती, आणि नंतर जुना साठा थोडाथोडा सोडत होती.

आपल्याकडे गाळाचे मोजमाप बहुतेक दोन जागी होते: नदीवरच्या मोजणी केंद्रात आणि धरणाच्या जलाशयात. दोन्ही खोऱ्याच्या तोंडाशीच आहेत. कून क्रीक सांगते की मधले मैदान मोजल्याशिवाय वरच्या शेतांत काय चालले आहे ते कळत नाही. हॅपने १९३८ मध्ये छेदांच्या जागा नीट नोंदवल्या नसत्या, तर ट्रिम्बलना मोजायला काही उरले नसते, ही गोष्टही प्रत्येक विद्यार्थ्याने मनावर घ्यावी.

मोजायचे घड्याळ कुठले, यावर या पुस्तकातला सर्वांत मोठा भाग खर्च झाला आहे. इथे त्याची तोंडओळख करून देतो.

सगळ्यांत लहान घड्याळ एका पुराचे. पुराआधी मैदानावर कृत्रिम गवताच्या चटया अंथरायच्या आणि पाणी उतरल्यावर त्यांवरचा गाळ वाळवून तोलायचा. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या कल्म नदीवर आणि नेदरलँड्समध्ये ऱ्हाइन व म्यूजच्या काठी ही पद्धत चांगली रुळली. ती स्वस्त आहे, कुठल्याही महाविद्यालयाला जमेल अशी आहे, आणि जागोजागचा फरक तिच्याइतका कुठलीच पद्धत दाखवत नाही.

त्याहून मोठे घड्याळ अणुस्फोटांनी दिले. १९५० च्या दशकापासून अण्वस्त्रांच्या हवेतल्या चाचण्यांमुळे सीझियम-१३७ जगभर पसरले, पावसाबरोबर जमिनीवर आले आणि मातीच्या बारीक कणांना घट्ट चिकटले. त्याचे प्रमाण १९६३ च्या सुमारास सर्वाधिक होते. मैदानातून नळी ठोकून मातीचा उभा गाभा काढला आणि त्यात सीझियमचा कळस ३० सेंटिमीटरवर सापडला, तर त्यावरची माती १९६३ नंतरची. २०२३ पर्यंत साठ वर्षे धरली तर दर वर्षाला ५ मिलिमीटर. एक्सिटर विद्यापीठाच्या डेस वॉलिंग यांनी ब्रिटनच्या नद्यांवर ही पद्धत घडवली. युरोपात १९८६ च्या चेर्नोबिलने आणखी एक खूण टाकली. महाराष्ट्रात ही पद्धत वापरताना तीन गोष्टी आड येतात. अणुचाचण्यांची ही धूळ मध्य-अक्षांशांच्या मानाने आपल्याकडे कमी पडली. सीझियमचे अर्धायुष्य तीस वर्षांचे, त्यामुळे १९६३ मधले जेमतेम पाव उरले आहे. आणि उसाच्या रानात खोल नांगरट झाली की कळस विसकटून जातो. म्हणून गाभा पड जमिनीतून घ्यावा, देवराईतून, गायरानातून, जुन्या बांधाखालून.

शिसे-२१० हे शे-दीडशे वर्षांचे घड्याळ. जमिनीतून निसटलेला रेडॉन वायू हवेत क्षय पावून शिसे बनवतो आणि ते पावसाबरोबर खाली येते. अर्धायुष्य बावीस वर्षांचे. सरोवराच्या तळाशी, जिथे माती संथपणे सतत पडते, ते उत्तम चालते. पूरमैदानावर माती झटक्यात येते आणि मग वर्षानुवर्षे येत नाही. त्यामुळे सरोवराची सूत्रे इथे सांभाळूनच लावावी लागतात.

हजारो वर्षांसाठी कोळशातला किरणोत्सारी कार्बन आहे, आणि वाळूच्या कणांनी शेवटचे ऊन कधी पाहिले ते सांगणारी लुमिनेसन्स पद्धत आहे. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत अशोक सिंघवी यांनी ती भारतात रुजवली. तिच्यातला धोका पावसाळी नद्यांना विशेष लागू पडतो. गढूळ पुरातून, अनेकदा रात्री, वाहत आलेल्या कणाला पुरेसे ऊन लागलेलेच नसते. मग त्याचे वय फुगते आणि गाळाचा दर खऱ्याहून कमी येतो.

ही घड्याळे एकाच जागी लावली तरी वेगवेगळे दर देतात. यात पद्धतीचा दोष फार थोडा असतो. १९८१ मध्ये पीटर सॅडलर यांनी गाळ साचण्याचे जवळजवळ २५ हजार दर एकत्र केले आणि दाखवले की जितका लांब काळ मोजावा तितका दर कमी येतो. कारण समजायला अवघड नाही. एका काठावर शंभर वर्षांत तीनच मोठे पूर चढले आणि प्रत्येकाने दहा सेंटिमीटर गाळ टाकला असे समजा. शतकाची सरासरी वर्षाला ३ मिलिमीटर. त्या काठावर ३ मिलिमीटर गाळ कुठल्याच वर्षी पडलेला नाही. ज्या पाच वर्षांत पूर आला त्यांची सरासरी २० मिलिमीटर, बाकीच्या वर्षांची शून्य. आणि एखाद्या पुराने गाळ टाकण्याऐवजी काठच कापून नेला, तर मागच्या शतकाचा पुरावाही त्याच्याबरोबर जातो. लांबच्या काळात अशा रिकाम्या आणि वाहून गेलेल्या जागा जास्त, म्हणून दर कमी. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर सोळा वर्षांत पाहिलेल्या सांगली-कोल्हापूरच्या माणसाने मोजलेला दर आणि त्याच रानातल्या खोल विहिरीच्या भिंतीतून वाचलेला दर जुळणार नाहीत. ते दोन्ही खरे असू शकतात.

पुण्याजवळच याचे मोठे उदाहरण आहे. जुन्नर तालुक्यात बोरीला कुकडीच्या काठच्या जुन्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात त्याचा अभ्यास सुरू केला. त्याच गाळात अश्मयुगीन दगडी हत्यारे मिळाली. राखेचा थर म्हणजे एका क्षणी सगळीकडे पडलेली खूण, त्याहून चांगले काय हवे? पण राखेच्या वयावरच मतभेद झाले. एका मोजणीने १४ लाख वर्षे आली, दुसरीने पावणेसात लाखांच्या आसपास. राखेची रासायनिक घडण सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाशी जुळते, असेही दाखवले गेले. कुकडीचे मैदान किती वेगाने घडले याचे उत्तर यातले कुठले वय धरावे त्यावर दहापटीहूनही जास्त बदलू शकते. थराची जाडी मात्र तीच. मोजपट्टी कितीही नेमकी असली तरी घड्याळ चुकले की सगळेच चुकते, हे विद्यार्थ्यांना शिकवायला बोरीइतकी चांगली जागा महाराष्ट्रात नाही.

दराचा अंदाज चुकल्याची किंमत माणसांना मोजावी लागते, हे गंगा-ब्रह्मपुत्रेच्या प्रदेशात दिसते. या नद्या दरवर्षी सुमारे १०० कोटी टन गाळ आणतात आणि त्याचा साधारण तिसरा हिस्सा पूरमैदानात व त्रिभुज प्रदेशाच्या जमिनीवर राहतो. कोसीला १९५० च्या दशकात दोन तटबंधांमध्ये बांधले. आधी शंभराहून जास्त किलोमीटर रुंदीवर पसरणारा गाळ त्या पट्ट्यात साचू लागला आणि तटबंधांमधली जमीन बाहेरच्या गावांहून उंच झाली. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधल्या कुसहा इथे पूर्वेचा तटबंध फुटला आणि नदी शंभराहून जास्त किलोमीटर पूर्वेकडे, जुन्या वाटेने गेली. त्या दिवशी नदीत आलेले पाणी तटबंधाच्या क्षमतेच्या कितीतरी खाली होते. पाण्याचा हिशेब केलेला होता, गाळाचा तेवढ्या गांभीर्याने केलेला नव्हता. बांगलादेशच्या किनाऱ्यावर उलट बाजूने तेच घडले. १९६० च्या दशकात बांध घालून भरतीचे पाणी अडवले, गाळही अडला, आणि आतली जमीन शेजारच्या सुंदरबनापेक्षा मीटर-दीड मीटर खाली राहिली. मे २००९ च्या आयला वादळाने एका भागातले बांध फुटले, तेव्हा दोनच वर्षांत तिथे वीत-दीड वीत गाळ चढला.

आपल्याकडेही हे प्रश्न दारात उभे आहेत. जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणला वाशिष्ठीतला आणि महाडला सावित्रीतला गाळ काढण्याची मागणी जोरात आली. लोकांचे हाल पाहता ती समजण्यासारखी होती. पण काढलेला गाळ किती वर्षांत पुन्हा येईल, हे ठरावीक छेद वर्षानुवर्षे मोजल्याशिवाय सांगता येत नाही, आणि ते माहीत नसताना खर्चाचा अंदाज हा निव्वळ अंधारातला अंदाज असतो. राज्यात २०१७ पासून धरणांतला गाळ शेतात नेण्याची योजना आहे. धरणात अडकलेला तो गाळ एरवी खालच्या मळीच्या रानांना मिळाला असता का, आणि किती, हा प्रश्नही त्या योजनेबरोबर विचारायला हवा. निळ्या आणि लाल पूररेषा आखताना मैदानाची उंची कायम धरली जाते. ती कायम नसते.

हे पुस्तक भूगोल, भूविज्ञान आणि स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिले आहे, पण नदीकाठच्या शिक्षकांनी आणि शेतकऱ्यांनीही ते हाती घ्यावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. चटयांचे आणि आडव्या छेदांचे प्रकरण कुणालाही वाचता येईल. गणिताची दोन प्रकरणे पहिल्या वाचनात सोडली तरी चालतील.

आणि एक विनंती. पुढचा पूर ओसरला की आपल्या रानात चार ठिकाणी गाळाची जाडी मोजा: एक काठाशी, एक मधे, एक सखल भागात, एक बांधाच्या आड. ओला गाळ वाळून आटतो, म्हणून आठवड्याने पुन्हा मोजा. तारीख लिहा, पाणी किती दिवस उभे होते ते लिहा, माती वाळूची की चिकट ते लिहा, आणि जागा गट क्रमांकासह अशी नोंदवा की वीस वर्षांनी दुसऱ्या कुणाला नेमके तिथेच उभे राहता यावे. जिथे काहीच गाळ बसला नाही, तिथे शून्य लिहायला विसरू नका. नोंदीची एक प्रत गावच्या शाळेत ठेवा.